कलम सातवाले आजोबा

परब आजोबा कुठल्याही ऑफिसात शिरताना चपला दाराबाहेर काढून ठेवत. मुलुंडला आमच्या सरांचं वकिलीचं ऑफिस म्हणजे तळमजल्यावरचा एक गाळा. रस्त्याची निम्मी धूळ आमच्याच टेबलांवर मुक्कामाला असायची. तिथेही आजोबा अनवाणी आत येत. कौटुंबिक न्यायालयातही तोच प्रकार. कोर्टरूमच्या बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेला एकच चपलांचा जोड दिसला की समजायचं, आजोबा आत बसलेत. शिपायाने एकदा हटकलं, "बाबा, कोणीतरी घेऊन जाईल हां." त्यावर आजोबा म्हणाले, "जिथे लोकांचे संसार ठरतात तिथे चपला घालून जायचं होय?"

घटस्फोट अर्थातच त्यांचा नव्हता, मुलाचा होता. महेश आणि रश्मी यांचं सहा वर्षांत बिनसलं आणि दोघांनी संमतीने वेगळं व्हायचं ठरवलं. महेश आमचा अशील. मी तेव्हा सरांच्या हाताखाली नवी होते, वकिलीचा कोट अजून खांद्यावर नीट बसत नव्हता. महेश समोर बसून मोबाईल बघायचा आणि त्याच्या वतीने सगळे प्रश्न आजोबा विचारायचे. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरी केलेला माणूस. समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकायचं, मग मोजकं विचारायचं, ही सवय. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचा रोख एकच असे. नात कधी येणार?

नात म्हणजे सान्वी, घरची सानू, तेव्हा चार वर्षांची. तिचा ताबा आईकडे राहणार हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. वडिलांना महिन्यातून दोन शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. आता सुट्ट्यांची वाटणी करायची होती. असल्या करारांत मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी होते, सणांचं आलटूनपालटून ठरतं. सरांनी तसं सांगायला सुरुवात केली आणि आजोबा पहिल्यांदाच मध्ये बोलले. ते एरवी मुंबईचं मराठी बोलत, पण जीव अडकला की मालवणीवर येत.

"मे महिनो सगळो तिच्या आवशीक देवा. आमका गणपती व्हयो."

सरांनी त्यांना समजावून पाहिलं. मे महिन्यात सलग पंधरा-वीस दिवस मिळतात, गणपतीचे मिळून पाच. असा सौदा कोणी करत नाही. आजोबा म्हणाले, "साहेब, मे महिन्यात ती आंबे खाईल, पत्ते खेळेल. ते तिला कुठेही मिळेल. घरचे कोण कोण, ते गणपतीत कळतं." महेशने मोबाईलवरून मान न उचलता "चालेल" म्हटलं. रश्मीच्या वकिलांनी तर तासाभरात होकार कळवला. आयता मे महिना कोण सोडतो?

मसुदा मी टाइप केला. कलम सात: गणेशोत्सवाचे पहिले पाच दिवस मुलगी वडिलांकडे राहील, मात्र तिच्या शाळेच्या वेळापत्रकास बाधा येणार नाही. हे शेवटचं वाक्य समोरच्यांनी मागितलंच नव्हतं. ते आमच्या जुन्या मसुद्यांत असायचं, म्हणून हाताच्या सवयीने मी घातलं. वाचून दाखवलं तेव्हा आजोबांनी मान डोलावली. "हे बरोबर. शाळा बुडवायची नाय." सानू तेव्हा नाहूरच्या साध्या मराठी शाळेत बालवर्गात होती. त्या शाळेला गणपतीची पाच दिवस सुट्टी असे. तेव्हा बाधा येण्याचा प्रश्नच नव्हता आणि शाळा बदलू शकते, हे खोलीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. शहाण्यांत मी धरून.

कोर्टाचा शिक्का बसलेली नक्कल मिळाली तेव्हा आजोबांनी कलम सात असलेलं पान लॅमिनेट करून घेतलं. ते शर्टाच्या आतल्या खिशात असायचं. बोलता बोलता ते काढून टेबलावर ठेवायचे आणि बोट ठेवून म्हणायचे, "हे बघा, सातवं." आमच्याकडे तेव्हापासून त्यांचं नाव कलम सातवाले आजोबा पडलं. आम्ही हसायचो, यात प्रेमाचा भाग होता आणि थोडा आगाऊपणाचाही.

पहिल्या वर्षी त्यांनी कुडाळजवळच्या त्यांच्या गावी जायची तयारी केली. घराण्याचा गणपती गावी बसतो, चार भाऊ आणि त्यांची मुलंबाळं एकत्र येतात. सानूसाठी परकर-पोलकं शिवून तयार होतं. तेवढ्यात रश्मीने कळवलं की कलम नऊ वाचा. कलम नऊमध्ये लिहिलं होतं की कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीला मुंबईबाहेर नेता येणार नाही. तेही मीच टाइप केलं होतं आणि तेही सगळ्या मसुद्यांत असतं. आम्ही परवानगीचा अर्ज केला. तारीख मिळाली ती विसर्जनानंतरची.

आजोबांनी तारखेच्या कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग विचारलं, "वकीलबाई, कोर्टाला गणपतीची सुट्टी असते ना?"

"असते."

"मग त्यांना ठाऊक असायला हवं."

त्या वर्षी ते गावी एकटेच गेले, आजींना नाहूरच्या घरी ठेवून. कोणी सांगावं, मध्येच रश्मीचं मन बदललं आणि तिने सानूला पाठवलं तर घरी कोणीतरी असायला हवं, म्हणून. मन बदललं नाही. यात रश्मीला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. एकटी बाई, नोकरी करून लेकीला वाढवणारी. नवऱ्याच्या माणसांनी मुलीला पाचशे किलोमीटरवर नेलं आणि परत आणलंच नाही, असे किस्से तिने ऐकले होते. मीही ऐकले होते. किंबहुना असल्या दोन प्रकरणांत मीच काम केलं होतं.

पुढच्या वर्षी आजोबांनी जे केलं ते मालवणी माणसाला सांगितलं तर तो आधी खरं मानणार नाही. मे महिन्यात ते गावी गेले आणि भावांसमोर म्हणाले, मला माझा गणपती मुंबईला न्यायचाय, नाहूरच्या खोलीत. घराण्याचा गणपती वेगळा करणं म्हणजे घर वेगळं करणं. दोन भाऊ उठून बाहेर गेले. धाकटा म्हणाला, "एका नातीसाठी, एका चेडवासाठी देवाची वाटणी करतलंस?" शेवटी ग्रामदेवतेसमोर गुरवाला बसवलं आणि कौल लावला. तिथे देवाला विचारतात, आणि पाषाणाला चिकटवलेल्या तांदळांतला कुठला दाणा आधी पडतो त्यावरून देवाचं उत्तर समजतात. उत्तर होकारार्थी आलं. भाऊ गप्प झाले, पण त्या वर्षीपासून त्यांच्या बोलण्यात फरक पडला तो पडलाच.

हे सगळं त्यांनी आमच्या ऑफिसात येऊन सांगितलं, लहान मुलाने बक्षीस दाखवावं तसं. "आता मुंबईबाहेर न्यायचा सवाल नाय. कलम नऊ आपोआप मिटलं." मग त्यांनी लॅमिनेट केलेलं पान काढलं आणि सातव्यावर बोट ठेवलं. मी त्यांना चहा दिला आणि काहीच बोलले नाही, कारण आदल्याच आठवड्यात रश्मीच्या वकिलांचं पत्र आलं होतं. रश्मीला चांगली नोकरी लागली होती, ती मुलुंडला राहायला आली होती आणि सानूला तिथल्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्या शाळेला गणपतीची सुट्टी एक दिवस. पुढचे चार दिवस चाचणी परीक्षा.

शेवटी सांगावं लागलंच. मी म्हटलं, "आजोबा, ते शाळेचं वाक्य मी घातलं होतं. त्यांनी मागितलं नव्हतं." मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "वाक्य चांगलं आहे, बाय. मी पण हो म्हटलेलं. शाळा बुडवून देवाकडे आणली तर देव तरी काय म्हणेल?" मग म्हणाले, "एक दिवस तर आहे."

तो एक दिवस सानू आली. मलाही बोलावणं होतं, नाहूरला स्टेशनपासून पाच मिनिटांवर त्यांची खोली. गणपतीवर माटवी टांगली होती. माटवी म्हणजे लाकडी चौकट, तिला नारळ, सुपाऱ्या, कवंडळं, रानातली फळं-फुलं बांधतात. अर्ध्या वस्तू गावाहून आणलेल्या, अर्ध्या भांडुपच्या बाजारात शोधलेल्या. आजोबांनी सानूला खांद्यावर घेऊन एकेक फळाचं नाव सांगितलं. तिने प्रत्येकाला हात लावला आणि विचारलं, "हे खातात?" ते म्हणाले, "हे नाय खायचं, हे बाप्पाचं." ती म्हणाली, "मग बाप्पा कधी खाणार?" खोलीभर हशा पिकला. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना मी असं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

जेवणानंतर सानू माटवीखालच्या सतरंजीवर झोपली. पाच वाजले, साडेपाच वाजले. दुसऱ्या दिवशी चाचणी, म्हणून सहापर्यंत तिला मुलुंडला पोचवायचं होतं. महेश उठला तसा आजोबांनी हात आडवा केला. "झोपलेल्या पोराला देवासमोरून उठवायचं नाय." ज्या माणसाने तीस वर्षं बस एक मिनिट उशिरा सुटली तर ड्रायव्हरला धारेवर धरलं, तो म्हणाला, उठेल तेव्हा उठेल. मी वकील होते. मी घड्याळाकडे बघत होते आणि गप्प बसले होते, हे मला कबूल करायला हवं. रश्मीचे फोन येत होते, महेशने फोन सायलेंटवर टाकला होता. सानू साडेसातला उठली. महेश तिला घेऊन रश्मीच्या सोसायटीच्या गेटवर पोचला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. रश्मी तिथे रडत उभी होती आणि तिने पोलिसांना आधीच कळवलं होतं.

पुढे कागदांचं व्हायचं ते झालं. आदेशाचा भंग झाला, यात वाद घालायला जागा नव्हती. कोर्टाने भेटी घराबाहेर ठेवल्या, न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, समुपदेशकांच्या देखरेखीखाली, फक्त वडिलांसाठी. पाच दिवसांतले चार माझ्या वाक्याने खाल्ले आणि उरलेला एक सानूच्या झोपेने. महेश शनिवारी आत जायचा, आजोबा बाहेर बाकावर बसायचे, अनवाणी. तासाभराने महेश बाहेर आला की ते विचारायचे, "काय म्हणाली?" महेश म्हणायचा, "काही नाही, ड्रॉइंग काढत होती." पुढच्या वर्षी महेशला मस्कतला नोकरी मिळाली. भेटींची जागा रविवारच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलने घेतली आणि त्या कॉलमध्ये आजोबा नव्हते.

ते माझ्याकडे आले. मी तोवर सरांपासून वेगळी होऊन स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे पान काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "महेश नाय, तर मी नेऊ शकतो?" मला त्यांना सांगावं लागलं की त्या कागदात त्यांचं नाव कुठेच नाही. भेटीचा हक्क महेशचा. तो इथे नसेल तर हक्कही नुसता कागदावर. ते पान त्यांनी दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिलं, जणू नाव मागच्या बाजूला असेल. "मी हे तीन वर्षं खिशात घेऊन फिरतोय," ते म्हणाले.

आजी-आजोबांनाही भेटीसाठी अर्ज करता येतो आणि कोर्ट मुलाचं हित बघून परवानगी देऊ शकतं. तसा अर्ज मी केला. तारखा पडत गेल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी समोरचे वकील आजारी, कधी नोटीस पोचल्याची पावती नाही. प्रत्येक तारखेला आजोबा नाहूरहून वेळेआधी अर्धा तास हजर. दरम्यान दोन गणपती येऊन गेले. रश्मी एकदा कॉरिडॉरमध्ये त्यांच्यापाशी थांबली. "बाबा, तुमच्यावर माझा राग नाही," ती म्हणाली. "पण मला आता कोणावर विश्वास ठेवायची ताकद नाही." आजोबा म्हणाले, "बरोबर आहे, बाय. चुकी आमची होती." ती वळून गेली आणि ते तसेच उभे राहिले.

शेवटी कोर्टाने समुपदेशकांना मुलीशी बोलून अहवाल द्यायला सांगितलं आणि त्याआधी आजोबांना तिच्याबरोबर अर्धा तास दिला. सानू नऊ वर्षांची झाली होती. मी दाराच्या काचेतून बघत होते. ती उभी राहिली, हात जोडून "नमस्ते आजोबा" म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत नीट बसली. आजोबांनी तिला माटवीचं सांगितलं, सतरंजीवर झोपलीस त्याचं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, वर्गात ऐकतात तसं. मग तिने विचारलं, "ओके. तिथे वाय-फाय आहे?" आजोबांना प्रश्न कळला नाही, त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. तीस मिनिटं झाल्यावर ती उठली, पुन्हा नमस्कार केला आणि आईकडे धावत गेली.

अहवाल एका पानाचा होता. मी तो त्यांना वाचून दाखवला. मुलगी आनंदी आहे, अभ्यासात चांगली आहे. तिला आजोबांची भीती वाटत नाही, त्यांच्याबद्दल ओढही वाटत नाही. माझ्या मते हा अहवाल आमच्या बाजूचा होता. भीती नाही म्हटल्यावर कोर्टाने महिन्यातून एक भेट नक्की दिली असती. मी हे उत्साहाने सांगू लागले, तर त्यांनी हाताने मला थांबवलं.

"भीती असती तर मी घालवली असती, बाय. ओढ खयसून हाडू? कुठून आणू?"

मग म्हणाले, "अर्ज मागे घ्या."

मी खूप समजावलं. हळूहळू ओढ लागेल, अजून लहान आहे, तुम्ही इतकं केलंत. ते म्हणाले, "तिने एकेक शनिवार माझ्यासमोर अर्धा तास बसायचं, घड्याळ बघत, कोर्टाने सांगितलं म्हणून. मला ते नको." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला वाद घालता आला असता. त्यांना मी कधी काही जिंकून दिलं नव्हतं, आणि आता मिळेलसं दिसत असलेलंही त्यांना नको होतं.

अर्ज मागे घेताना कोर्टात एक लेखी निवेदन द्यावं लागतं, त्याला आम्ही पुरशिस म्हणतो. चार ओळींचा कागद. मी टाइप करत होते आणि ते शेजारी बसले होते. म्हणाले, "सून आणि नात, दोघींबद्दल माझी तक्रार नाही, असं घाला." घातलं. मग विचारलं, "ती मोठी झाली की हे कागद तिला बघता येतील?"

"अठरा वर्षांची झाली की नक्कल मागू शकेल."

"मग अजून एक ओळ घाला. अर्जदाराच्या नाहूरच्या घरी दरवर्षी गणपती बसतो आणि तिथे तिची वाट बघितली जाते. आणि पत्ता घाला."

त्या ओळीला कायद्यात काडीचा अर्थ नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. न्यायाधीशांनी पुरशिस वाचली, एकदा चष्म्यावरून आजोबांकडे पाहिलं आणि ती फाईलला लावायला सांगितली. बाहेर आल्यावर आजोबांनी चपला पायात सरकवल्या, मला म्हणाले, "येतंय हां," आणि निघून गेले. त्यांच्यानंतर मी एकाही करारात शाळेचं ते वाक्य सवयीने टाइप केलेलं नाही. प्रत्येक आईबापाला विचारते, शाळा बदलली तर काय? ते वैतागतात, मी विचारत राहते. पण याचा आजोबांना काय उपयोग?

गेल्या हिवाळ्यात ते गेले, झोपेतच. मला दोन दिवसांनी कळलं. आजी आता दहिसरला लेकीकडे असतात आणि खोली भाड्याने दिलीय. महेश चार दिवस येऊन गेला. गणपतीचं कोण करणार, हा प्रश्न निघाला तेव्हा भावांनी गावी पुन्हा कौल लावला आणि वेगळा केलेला गणपती घराण्याच्या गणपतीत मिळवून घेतला. त्यांचंही बरोबरच होतं.

सानू अठराची व्हायला अजून सात-आठ वर्षं आहेत. कधीतरी तिला आपल्या आईवडिलांचं काय झालं होतं ते जाणून घ्यावंसं वाटेल, ती फाईलची नक्कल मागवेल आणि शेवटच्या पानावर तिला नाहूरचा पत्ता सापडेल. तो मी पिनकोडसकट नीट टाइप केला होता. त्या पत्त्यावर आता गणपती बसत नाही, कोणी वाट बघत नाही, आणि एवढं तिला कळवायचं तर कुठला अर्ज करावा लागतो, हे इतकी वर्षं वकिली करूनही मला माहीत नाही.